पंपवाल्या कुशाबाचा राब

पोलादपूरच्या अलीकडे, जुन्या हायवेला लागून एक पेट्रोल पंप होता आणि त्या पंपावर कुशाबा होता. हायवे रुंद झाला, वाट बदलून पलीकडून गेला, पंप बंद पडला. कुशाबा मात्र होता तिथंच राहिला, कारण त्याचं घर पंपाच्या पाठीलाच होतं. एकतीस वर्षं त्यानं गाड्यांत पेट्रोल भरलं. नळी गाडीत घालायच्या आधी यंत्राकडे बोट करून "शून्य बघा" म्हणायचं, ही सवय त्याच्या हाडात इतकी मुरली होती की घरी पाहुण्याला भात वाढतानाही तो आधी ताटाकडे बोट करून "शून्य बघा" म्हणायचा. पाहुणा बिचारा रिकाम्या ताटाकडे बघायचा आणि मान हलवायचा.

पेट्रोलच्या वाफेत एवढी वर्षं उभं राहिल्यावर कुशाबाच्या नाकानं काम सोडलं. कधी सोडलं ते त्याला कळलंही नाही. नाक जागच्या जागी होतं, शिंका येत होत्या, सर्दी होत होती, तेव्हा बाकीचंही चालू असणार असं तो धरून चालला होता. ते कळलं पुतणीच्या लग्नात. घाईघाईत त्यानं खोबरेल समजून फळीवरची दुसरीच बाटली डोक्यावर ओतली, चापूनचोपून भांग पाडला आणि महाडच्या हॉलमध्ये जाऊन पहिल्या रांगेत बसला. दोन्ही बाजूंच्या तीन-तीन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. 'लग्नात आपल्याला केवढा मान' म्हणून तो खूश झाला. घरी आल्यावर त्याची बायको आनंदीबाई म्हणाली, "अहो, डोक्याला डिझेल लावून कोन लग्नाला जातं?"

त्या दिवशी कुशाबा घाबरला. पंपावरच्या माणसाला वास येत नाही हे मालकाला कळलं, तर मालक त्याला एक दिवस ठेवणार नाही. त्यानं लगेच ठोकून दिलं, "डासांसाठी लावलं होतं." आणि तेव्हापासून तो नाकाची गोष्ट झाकत आला. भाजी करपली की आधी आनंदीबाईच्या तोंडाकडे बघायचा, तिनं नाक मुरडलं की आपणही मुरडायचा. माणूस लबाड नव्हता, पण एकदा झाकायला सुरुवात केली की थांबायचं कुठं हे त्याला समजत नव्हतं. पंप बंद झाल्यावर झाकायचं कारणच उरलं नाही, तरी तो झाकतच राहिला.

घरामागे त्यांची विहीर होती, पंपापासून जेमतेम तीस पावलांवर. पंप बंद झाला त्याच्या पुढच्याच वर्षी आनंदीबाई म्हणाली, "अहो, पान्याला वास येतोय."

कुशाबानं हंडा तोंडाशी धरला, डोळे मिटले, दोनदा खोल श्वास घेतला. "कसला गो वास? पानी हाय ते."

"पेट्रोलचा वास हाय."

"पेट्रोल तू मला शिकवनार? एकतीस वर्षं मी काय दूध वाटत होतो?"

हे वाक्य त्यानं पुढची दोन वर्षं वापरलं. आनंदीबाई शेजारच्या बनुबाईच्या नळावरून पाणी आणू लागली. कुशाबा हट्टानं विहिरीचंच प्यायचा, तेही अंगणात उभा राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. नंतर येणारे ढेकर मात्र घरामागे जाऊन द्यायचा.

मग एकदा आनंदीबाईचा भाऊ रामजी दासगावहून आला. बनुबाईच्या नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं, म्हणून चहा विहिरीच्या पाण्याचा झाला. रामजीनं पहिला घोट घेतला आणि तो तसाच तुळशीत थुंकला. सगळे कुशाबाकडे बघू लागले. तो म्हणाला, "आनंदीला हल्ली चहा जमत नाय."

आता हे बोलायची गरज होती का? चाळीस वर्षं ज्या बाईच्या हातचा चहा प्यायला, तिचं नाव असं भावासमोर घालवायचं? आनंदीबाई उठली. आत गेली, चार लुगडी आणि फणी-करंडा गाठोड्यात बांधला, घट्ट दोन गाठी मारल्या आणि भावाच्या मोटरसायकलवर मागे बसली. जाताना एवढंच म्हणाली, "विहिरीला वास हाय. तो हाय तवर मी दासगावला."

चार महिने झाले, ती आली नाही. कुशाबा स्वतःच्या हातचं खात होता. ते करपलेलं असायचं, पण ते त्याला सांगणारं कोणी नव्हतं. घर खायला उठायचं. संध्याकाळी तो बंद पंपाच्या ओट्यावर बसायचा आणि दासगावकडून येणारी प्रत्येक एसटी बघायचा.

फेब्रुवारीच्या शेवटी पंपावर क्रेन आली. तिच्यासोबत उज्वला गायकवाड आली. महाडच्या नवेनगरातल्या शाळामास्तरांची ही मुलगी, शिकून इंजिनिअर झालेली, पुण्याच्या एका लहानशा संस्थेत कामाला. पंपाखाली पुरलेली पेट्रोलची जुनी टाकी काढायची आणि तिच्या भोवतीची माती आणि पाणी साफ करायचं, हे तिचं काम. क्रेननं टाकी वर उचलली तेव्हा कुशाबा पुढेच उभा होता. टाकीच्या बुडाला चाळणीसारखी भोकं पडली होती. उज्वलानं खड्ड्यावर हातातलं एक छोटं यंत्र धरलं, तर ते किंचाळायला लागलं.

"हे काय हाय?" कुशाबानं विचारलं.

"वास मोजायचं यंत्र आहे, काका. हवेत पेट्रोलची वाफ किती आहे ते सांगतं."

आपल्याजवळ हे यंत्र असतं तर संसार वाचला असता, असं कुशाबाच्या मनात येऊन गेलं. ती भोकं बघून त्याला कळून चुकलं होतं की आनंदी खरं बोलत होती. पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. त्यानं मनात हिशेब मांडला की ही पोरगी विहीर साफ करणारच आहे. गुपचूप साफ होऊ दे, मग आनंदीला निरोप पाठवू की ये, वास नाही. कधी नव्हताच, असंही हळूच जोडून देता येईल. त्यानं तिथल्या तिथे राखणदाराचं काम मागून घेतलं.

उज्वलानं त्याला सगळं समजावून सांगितलं. खड्ड्यातली माती उपसून जाड काळ्या प्लास्टिकवर लांबच लांब पसरायची. मातीत सूक्ष्म जीव असतात, ते पेट्रोल खातात. त्यांना जोर यावा म्हणून शेण, पाला, भाताचा तूस घालायचा, ओल ठेवायची, हवा खेळती ठेवायची. विहिरीचं पाणी पंपानं उपसून कोळशाच्या टाक्यांतून गाळायचं.

"पेट्रोल खातात?" कुशाबाला हे काही पटेना. "मग ॲव्हरेज काय देतात?"

उज्वला हसली. "हळू खातात, काका. सहा-आठ महिने लागतील." मग तिला पुण्याला जायचं होतं म्हणून तिनं पुढच्या कामाची यादी सांगितली. "मातीवर शेण द्या, वर पाला, वर तूस. सगळं नीट कालवा. मी आठवड्यानं येते. जमेल ना?"

कुशाबाच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की उज्वलाला वाटलं, याला सगळं कळलं. त्याला खरोखरच सगळं कळलं होतं. फक्त ते भलतंच होतं.

शेण, पाला, तूस, माती. अहो, हा तर राब! भाताची रोपं करायची त्या जागेवर शेण, तोडलेल्या फांद्यांचं कवळ, पाला, गवत यांचे थर द्यायचे, वर बारीक माती भुरभुरायची आणि मार्च-एप्रिलात ते भाजून काढायचं, हे इथल्या प्रत्येकानं परकर-लंगोटीच्या वयापासून केलेलं. भाजलं की जमीन निर्मळ होते, तण मरतं, किडे मरतात. आणि ही शिकलेली पोरगी पुण्याहून येऊन त्याला राब करायला शिकवत होती. कुशाबा गालातल्या गालात हसत वाडीत गेला आणि पारावर बसलेल्या हैबतीला म्हणाला, "पेट्रोल घालवायचा इलाज ठाव हाय काय? राब!"

हैबती म्हणजे वाडीतला राबातला जाणकार. थर किती जाड, वारा कुठला, आग कुठून लावायची, सगळं त्याला विचारून व्हायचं. तो दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन हजर झाला. बनुबाई शेणाच्या पाट्या घेऊन आली. पाठोपाठ अर्धी वाडी आली, कारण राब एकट्यानं करायचा नसतो, आणि शिवाय पेट्रोल पंपावर राब कुणी पाहिला होता? उज्वला मडमीण 'कालवा' म्हणाली होती, पण हैबतीनं ते उडवून लावलं. "कालवून कधी राब होतो काय रे? शिकलेल्या मानसांचं काय तरी आसतं." त्यानं ऐनाच्या टहाळ्या तोडून आणल्या, शेणावर टहाळ्या, टहाळ्यांवर पाला, पाल्यावर गवत, गवतावर तूस आणि सगळ्यावर बारीक मातीचा हात. पाच दिवसांत असा देखणा राब उभा राहिला की महाडच्या औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून येणारे कामगार मोटरसायकली थांबवून फोटो काढू लागले.

फोटो दासगावला पोचला. बनुबाईनं फोनवरून तपशील पुरवला, "गो आनंदी, तुझा घो पंपावर राब भाजतोय. उद्या ऊन कललं की लावनार."

दुसऱ्या दिवशी ऊन कललं. वारा पडला. हैबतीनं मूठभर तूस उडवून बघितला आणि मान डोलावली. वीस-पंचवीस माणसं गोल उभी होती. कुशाबानं खास आजच्यासाठी पंपाचा जुना खाकी शर्ट घातला होता, खिशावर पंपाच्या नावातली तीन अक्षरं उरली होती. त्यानं राबाच्या कडेला नारळ फोडला, लोकांकडे वळून "शून्य बघा" म्हणाला आणि काड्यापेटी काढली.

आता एक सांगायला हवं. त्या घोळक्यात प्रत्येकाला पेट्रोलचा वास येत होता. बनुबाईनं पदर नाकाला लावला होता. हैबतीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पण बोलला कोण? कोणीच नाही. पेट्रोलातलं सगळं कळणारा एकच माणूस वाडीत होता आणि काडी त्याच्याच हातात होती. त्याला चालतंय म्हणजे चालत असणार.

पहिली काडी घामट हातामुळे मोडली. दुसरी नुसतीच खरखरली. तिसरी त्यानं काढली तेवढ्यात जुन्या हायवेवर एसटी थांबली आणि आनंदीबाई उतरली. एका हातात तेच दोन गाठींचं गाठोडं, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत निवट्या होत्या, दासगावच्या खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे, जिवंत. रागावली म्हणून नवऱ्याला रिकाम्या हाती भेटणारी ती बाई नव्हती. तिनं एसटीच्या पायरीवरूनच वास घेतला, नवऱ्याच्या हातातली पेटी बघितली आणि पुढे काय होणार ते तिला एका क्षणात दिसलं.

"अहो! टाका ती!"

कुशाबानं मान वर केली. चार महिन्यांनी तो आवाज ऐकला आणि त्याला इतका आनंद झाला की तो हात हलवून म्हणाला, "ये ये, बरोबर वेळंवर आलीस!" आणि काडी पेटीवर टेकवली.

मग आनंदीबाईनं पिशवी फेकली. साठीच्या बाईनं एवढ्या लांबून असा नेम धरावा! पिशवी सरळ कुशाबाच्या मनगटावर बसली आणि फुटली. पेटी खाली चिखलपाण्यात पडली, काडी कुठं गेली ती सापडली नाही, आणि तीसेक निवट्या त्याच्या शर्टावर, राबावर, हैबतीच्या धोतरावर थडाथडा उड्या मारू लागल्या. एक कुशाबाच्या खिशात शिरली. लोक निवट्या पकडायला धावले, कारण निवट्या त्या निवट्याच.

आनंदीबाई धापा टाकत पुढे आली. "जाळून घ्यायचं हाय काय सगळ्या वाडीला? एवढा वास मारतोय, तुमाला येत नाय?"

"आमाला येतोय," बनुबाई म्हणाली.

"मला पन येतोय," हैबती म्हणाला.

"मंग बोलला का नाय रे?" कुशाबा त्याच्यावर खेकसला.

"आमाला वाटलं तुला ठाव आसंल. पेट्रोलचा मानूस तू."

कुशाबानं भोवताली बघितलं. वीस-पंचवीस माणसं होती, त्यांत बनुबाईची नातही होती, कडेवर. सगळी त्याच्या भरवशावर उभी राहिली होती. तो तिथंच खाली बसला. खिशातली निवटी बाहेर उडी मारून गेली, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"मला वास येत नाय गो," तो म्हणाला. "कसलाच येत नाय. बारा वर्षं झाली, त्या लग्नापासनं. तेव्हा मालक काढील म्हनून बोललो नाय आनी मंग बोलायचं ऱ्हाऊनच गेलं. विहिरीला वास होता. तू खरं बोलत होतीस. मला कळत नव्हतं, तरी मी नाय म्हनत ऱ्हायलो. आनी तुझा चहा चांगला होता."

आनंदीबाईचे डोळे भरून आले, पण आवाज तिनं चढाच ठेवला. "मी काय वासासाठी गेलते? वास होता तरी दोन वर्षं मी बनुबाईकडनं पानी आनलंच की. मला खोटी पाडलीत म्हनून गेले मी. हे एवढं बोलायला चार म्हैने लागले तुमाला?"

"दोन वर्षं आनी चार म्हैने," बनुबाई म्हणाली.

"तू गप ऱ्हा गो," आनंदीबाई म्हणाली आणि घराकडे निघाली. गाठोडं मात्र तिनं दारातच ठेवलं, सोडलं नाही. "आज निवट्या करते, फुकट जातील म्हनून. उद्याचं उद्या."

दुसऱ्या दिवशी उज्वला आली. तो राब, नारळाची कवटी आणि मधोमध मरून पडलेल्या दोन निवट्या बघून तिला आधी काही अर्थबोधच होईना. हैबतीनं सगळी हकिगत सांगितली. तिचा चेहरा पांढरा पडला, ती टाकीच्या खड्ड्याशेजारी दगडावर बसली. मग म्हणाली, "चूक माझी आहे. माझी आजीसुद्धा राब करायची. पोलादपुरात उभं राहून शेण, पाला, तूस म्हणाले आणि पेटवू नका म्हणाले नाही." तिनं कारमधून पुठ्ठा काढला, त्यावर मोठ्या अक्षरांत 'हा राब नाही' असं लिहिलं आणि पाटी रोवली. मग यंत्र ढिगात खुपसून बघितलं तर टहाळ्यांमुळे आत हवा चांगली खेळत होती. तिनं थर विस्कटले, सगळं कालवून घेतलं, पण टहाळ्या तेवढ्या राहू दिल्या. हैबती पुढे महिनाभर हेच सांगत फिरत होता.

आनंदीबाई परत जायच्या बेतात होतीच. पण पहिल्या दिवशी निवट्या होत्या, दुसऱ्या दिवशी उज्वलाला जेवायला घालायचं होतं, तिसऱ्या दिवशी घरातली सगळी भांडी करपलेली निघाली ती घासायची होती. रोज काहीतरी निघायचंच. गाठोडं दारात तसंच, दोन गाठींसकट. केर काढताना ती ते उचलायची, खालचं झाडायची, परत जागेवर ठेवायची. कुशाबा येता-जाता त्या गाठींकडे बघायचा. विचारायची हिंमत त्याला झाली नाही. तिनं तेव्हा तोंडानं सांगितलं होतं, वास आहे तोवर मी दासगावला. आणि आनंदीबाई बोललेलं मोडत नसे.

ढीग दर आठवड्याला उलटापालटा व्हायचा. पावसात त्यावर ताडपत्री आली. विहिरीचं पाणी कोळशाच्या टाक्यांतून रात्रंदिवस गाळलं जात होतं. उज्वला आली की यंत्र लावायची, पण आनंदीबाई आधी वास घेऊन सांगायची, "मागच्यापेक्षा निम्मा हाय," आणि यंत्रही जवळपास तेच म्हणायचं. कुशाबा दोघींच्या मागे उभा राहून विचारायचा, "किती गो?" आता विचारायला त्याला लाज वाटत नव्हती. ढिगातल्या जिवांची तो चौकशी करायचा, जेवले का, ऊन लागत नाही ना. एकदा तर आवाज उतरवून त्यांना म्हणाला, "पोटभर खा रे, माझी बायको अडकलीय."

भात कापणीला आला तेव्हा पुण्याहून तपासणीचा कागद आला. पाणी स्वच्छ, माती स्वच्छ. उज्वला यंत्र घेऊन विहिरीवर वाकली. ते किंचाळलं नाही, हूं की चूं नाही. तिनं ते वळवून कुशाबासमोर धरलं.

"काका," ती म्हणाली, "शून्य बघा."

एकतीस वर्षं त्यानं लोकांना दाखवलेलं शून्य आज कोणीतरी त्याला दाखवलं. त्यानं ते खूप वेळ बघितलं. मग पोहरा सोडला, पाणी वर काढलं, तांब्या भरला आणि आधी बायकोपुढे धरला.

आनंदीबाईनं तांब्या नाकाशी नेला. डोळे मिटले. दोनदा खोल श्वास घेतला. मग घोटभर प्यायली, मग उरलेलं गटागटा प्यायली आणि तोंड पुसलं.

"काय वास हाय?" कुशाबानं घाबरत विचारलं.

"कसलाच नाय."

कुशाबानं दुसरा तांब्या भरला, नाकाशी नेला, खोल श्वास घेतला. त्याचा चेहरा उजळला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांना एकाच पाण्याचा सारखाच वास आला होता.

"मला पन नाय गो!" तो ओरडला. "मला पन कसलाच नाय!"

आनंदीबाई हसू दाबत घरात गेली. दारातलं गाठोडं तिनं उचललं, उंबऱ्यावर बसली आणि दातांनी पहिली गाठ सोडवायला लागली. आठ महिन्यांत ती फार घट्ट बसली होती. "बघत काय उभे ऱ्हायलात?" ती म्हणाली. "चहाचं आधण ठेवा. विहिरीचं पानी घ्या."